जुना ट्रॉली जॅक: आधी तेल, मग हवा

गाडी उचलायचा चाकांवरचा जुना जॅक फेकायची घाई करू नकोस. हँडल मारताना स्पंजासारखं दबतंय आणि जॅक अर्धाच उचलतोय, तर बहुतेक वेळा तेल कमी असतं किंवा आत हवा शिरलेली असते.

तेल हायड्रॉलिकचंच घे, डब्यावर ३२ आकडा असलेलं. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नकोस, सील (तेल अडवणाऱ्या आतल्या रबरी कड्या) फुगून कामातून जातात. नवशिक्यांची सगळ्यात महागडी चूक हीच.

भरताना जॅक पूर्ण खाली बसलेला हवा. वर असताना भरलंस तर खाली येताना जादा तेल बाहेर येईल. तेल भरायच्या भोकाच्या बुचाभोवतीची माती आधी पुसून घे, रबरी बूच काढ आणि भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच तेल भर. काठोकाठ नको.

आता आतली हवा काढायची:
- रिलीज व्हॉल्व्ह (जॅक खाली सोडायचा) उघडा ठेवून हँडल १०-१५ वेळा पूर्ण मार. भोकात बुडबुडे दिसतील.
- व्हॉल्व्ह बंद करून जॅक वजनाशिवाय रिकामाच वर ने, खाली आण, तेल परत बघ.

दोन-तीनदा करावं लागतं, धीर धर. तरीही वजनाखाली बसत असेल तर बहुधा सील गेलेत. ते नंतर बघू. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही, गाडीखाली आधाराचे स्टँड लावूनच.