बीएमआय ३२ असताना वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : ३ लाख ८५ हजारांचा निर्णय कसा तोलावा?

प्रश्न : मी नाशिकला राहते. वय ३७, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ८० किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३२. दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढलेले वजन उतरलेले नाही. घरगुती डाएट, जिम (वार्षिक फी भरून अर्धवट सोडली), समाजमाध्यमांवरून घेतलेली पावडर, सगळे करून पाहिले. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेची तपासणी) ६.१ आले असून थायरॉइडची गोळी चालू आहे. एका खासगी रुग्णालयाने स्लीव्ह शस्त्रक्रियेचे (जठर कापून लहान करण्याच्या) ३,८५,००० रुपयांचे पॅकेज दिले आहे. महिनाअखेरपर्यंत नोंदणी केली तरच हा दर, असे म्हणतात. सगळी रक्कम रोख भरल्यास १५,००० कमी होतील. मुदत ठेव मोडून २ लाख भरावेत आणि उरलेले १,८५,००० अठरा महिन्यांच्या 'नो कॉस्ट ईएमआय'वर घ्यावेत, असा विचार आहे. विम्याचेही 'कागदावर बसवून घेऊ' असे तिथल्या समुपदेशकांनी सांगितले. आम्हा दोघांचा पगार मिळून हातात १,०४,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता २१,५००, घरखर्च, मुलांची फी व सासूबाईंची औषधे मिळून ५५,०००, एसआयपी ८,००० आणि विमा, गाडी, सणवार यांसाठी सरासरी ६,००० जातात. मुदत ठेव ३,२०,००० ची आहे आणि दिवाळीला मला साधारण ५०,००० बोनस मिळतो. पाच लाखांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराचा मिळून एक आरोग्य विमा) चार वर्षांपासून आहे. काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही आकडे इतक्या मोकळेपणाने कळवलेत, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. माझे मत आधीच सांगतो. ही शस्त्रक्रिया तुम्ही कधीच करू नये, असे मी म्हणणार नाही, कारण तो अधिकार डॉक्टरांचा आहे. परंतु आत्ता, मुदत ठेव मोडून आणि हप्ते बांधून ती करू नये, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

सुरुवात विम्यापासून करू, कारण तुमच्या साऱ्या गणिताचा पाया तिथेच चुकतो आहे. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी सारखी केली. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत 'एक्स्क्ल ०६' या क्रमांकाखाली लठ्ठपणाचे कलम असेल, ते काढून वाचा. त्यानुसार शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असावा लागतो. अथवा तो किमान ३५ असून, वजन कमी करण्याचे सौम्य उपाय फसलेले असावे लागतात आणि जोडीला लठ्ठपणामुळे आलेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा विकार) किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी काही तरी असावे लागते. तुमचा बीएमआय ३२ आहे. तुमच्या उंचीला ३५ गाठण्यासाठी वजन ८७ किलोंच्या पुढे आणि ४० साठी जवळपास १०० किलो लागेल. एचबीएवनसी ६.१ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी झाली. तो आटोक्यात न येणारा मधुमेह नव्हे. म्हणजे एक नव्हे, दोन अटी पूर्ण होत नाहीत, आणि सगळा खर्च तुमच्या खिशातून जाणार हे धरूनच चालावे लागेल.

इथे वैद्यकशास्त्र आणि विमा यांच्या रेषा वेगळ्या आहेत, हे समजून घेणे आवश्यक आहे. ४० आणि ३५ हे आकडे अमेरिकेतील १९९१ च्या तज्ज्ञ परिषदेपासून चालत आलेले आहेत. या शस्त्रक्रियेच्या अमेरिकी व आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये संयुक्तपणे त्या रेषा खाली आणल्या आणि आशियाई लोकांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह व हृदयविकार गाठतात म्हणून त्यांच्यासाठी २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा पर्याय मांडावा, असे म्हटले. त्यामुळे 'तुम्ही शस्त्रक्रियेला पात्र आहात' असे शल्यचिकित्सकांनी सांगितले असेल, तर त्यात फसवणूक नाही. मात्र वैद्यकीय पात्रता म्हणजे विम्याची पात्रता नव्हे, आणि समुपदेशकांनी नेमकी हीच दरी 'कागदावर बसवून' भरून काढण्याचे सुचवले आहे.

त्या वाक्याचा अर्थ मी उघड करून सांगतो. ८० किलो वजन तेच ठेवून उंची १५८ ऐवजी १५१ लिहिली, की बीएमआय ३५ होतो. पण चार वर्षांपूर्वी तुम्ही भरलेल्या प्रस्ताव अर्जात तुमची उंची आणि वजन लिहिलेले आहे, आणि दावा आल्यावर कंपनी तो अर्ज उघडतेच. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की जुनी माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, हे संरक्षण आपल्याला २०२४ पासून मिळाले आहे. पण सिद्ध झालेली फसवणूक त्याला अपवाद आहे. खोट्या नोंदीवर तुमची सही असेल, रुग्णालयाच्या समुपदेशकाची नव्हे. तीन-चार लाखांच्या दाव्यासाठी दोन मुलांचे आणि पतीचेही छत्र असलेली पॉलिसी पणाला लावू नका. हा मार्ग कायमचा बंद समजा. उलट तुमच्या किंवा पतीच्या कंपनीची गट विमा पॉलिसी असेल, तर मनुष्यबळ विभागाकडून तिची अटी-शर्तींची प्रत मागून घ्या. काही कंपन्या गट विम्यात या शस्त्रक्रियेसाठी वेगळ्या अटी ठरवून घेतात. तिथे काही सवलत निघाली, तर ती सरळ मार्गाने मिळालेली असेल.

आता हप्त्यांकडे वळू. 'नो कॉस्ट' हा शब्द तुमच्याच पत्रातील एका आकड्यापुढे टिकत नाही. रोख भरल्यास १५,००० कमी होतात, म्हणजे खरी किंमत ३,७०,००० आहे. त्यातले २ लाख तुम्ही लगेच देता, म्हणून प्रत्यक्षात उसने घेता ते १,७०,०००, आणि १०,२७८ रुपयांच्या अठरा हप्त्यांत परत करता ते १,८५,०००. वार्षिक व्याजदर काढला तर तो सुमारे ११ टक्के येतो, आणि त्यात प्रक्रिया शुल्क धरलेले नाही. शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते किमतीत कुठे तरी दडलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या प्रत्येक बँकेने व वित्त कंपनीने सर्व आकार धरून होणारा वार्षिक दर एका मुख्य तथ्य विवरणपत्रात लिहून द्यायचा आहे. ते विवरणपत्र हातात पडल्याशिवाय कोणत्याही टॅबवर बोटाने सही करू नका. पूर्ण रक्कम वैयक्तिक कर्जावर उचलण्याचा पर्याय तर याहून महाग आहे : ४ लाख, १४ टक्के, तीन वर्षे धरले तर हप्ता १३,६७१ येतो आणि व्याजापोटी ९२ हजार जातात.

११ टक्के हा दर भयंकर नाही, हे मान्य. माझी काळजी दरापेक्षा तुमच्या संसाराच्या घडीची आहे. आज सगळे भागून दरमहा १३,५०० उरतात. घराला महिन्याकाठी लागतातच असे ८२,५०० धरले, तर ३,२०,००० ची ठेव चार महिनेसुद्धा पुरत नाही. ती आधीच कमी आहे. तिच्यातून २ लाख काढल्यावर दीड महिन्याचीही सोय राहणार नाही. हप्ता गेल्यावर हातात ३,२०० उरतील, आणि नेमक्या त्याच वेळी शस्त्रक्रियेनंतरचा खर्च सुरू होईल.

हा नंतरचा खर्च पॅकेजच्या कागदावर नसतो, म्हणून त्यावर थोडा थांबतो. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून कायमचा काढून टाकतात. तो परत जोडता येत नाही. त्यानंतर बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात, सुरुवातीच्या महिन्यांत प्रथिनांची पावडर लागते, पहिल्या वर्षी ठरावीक अंतराने आणि पुढे दरवर्षी रक्ततपासण्या कराव्या लागतात. मी माझ्या अशिलांना यासाठी पहिल्या वर्षी दरमहा तीन ते चार हजार धरायला सांगतो. वजन झपाट्याने उतरते तेव्हा पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. स्लीव्हनंतर काहींना आम्लपित्ताचा इतका त्रास होतो की दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. आणि सैल पडलेली त्वचा काढून घ्यायची ठरवली, तर तो खर्च सौंदर्योपचार म्हणून विम्यातून सहसा वगळलेलाच असतो. विम्यात न बसणाऱ्या शस्त्रक्रियेतून पुढे गुंतागुंत उद्भवली, तर तिच्या दाव्यावरही वाद होऊ शकतो. म्हणून हा एकच प्रश्न विमा कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. रुग्णालयाकडूनही लेखी घ्या : जठर कापून टाके घालणारा स्टेपलर व त्याची काडतुसे पॅकेजमध्ये धरली आहेत का, आधीची एंडोस्कोपी, सोनोग्राफी, टूडी एको कोणाच्या खर्चाने, आणि अतिदक्षता विभागात एक दिवस जास्त राहावे लागले तर किती. शस्त्रक्रियेच्या खर्चावर तुम्हाला आयकरात वजावट मिळणार नाही. जुन्या करप्रणालीत मिळते ती विमा हप्त्याची.

मग पर्याय काय? तुम्ही पत्रात 'सगळे करून पाहिले' असे लिहिले आहे. पण त्यात घरगुती डाएट, जिमची अर्धवट सोडलेली वार्षिक फी आणि समाजमाध्यमांवरून घेतलेली पावडर एवढेच दिसते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सलग वर्षभर उपचार झालेले दिसत नाहीत. हे दोष म्हणून सांगत नाही. नोकरी, दोन लहान मुले आणि घर सांभाळून स्वतःसाठी वर्षभर वेळ काढणे किती अवघड आहे, हे मी अनेक घरांत पाहतो. पण पैशाच्या दृष्टीने तुमचा सर्वांत मोठा धोका मधुमेहाचा आहे, आणि तो टाळण्यासाठी वीस किलो उतरावे लागत नाहीत. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना ७ टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायामाचे लक्ष्य दिले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. तुमच्या बाबतीत ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचाही विषय डॉक्टर काढतील. २०२५ मध्ये त्यांपैकी मौंजारो भारतात आले, तेव्हा सुरुवातीच्या दोन मात्रांचा खर्च महिन्याला १४,००० ते १७,५०० होता. सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या औषधाचे पेटंट भारतात मार्च २०२६ पर्यंतचे असल्याने त्याचे भाव उतरण्याची वाट मोकळी होते. पण सेमाग्लुटाइडवरच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात लोकांचे उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आले होते. महिन्याला दहा हजार धरले तरी तीन वर्षांत ३,६०,००० होतात, म्हणजे शस्त्रक्रियेइतकेच. म्हणून निष्पक्षपणे सांगायचे तर, औषध अनेक वर्षे घ्यावे लागणार असेल आणि डॉक्टरांना शस्त्रक्रिया योग्य वाटत असेल, तर एकूण खर्चात शस्त्रक्रिया स्वस्तही ठरू शकते. ती आजच उरकण्याचे कारण मात्र यातून निघत नाही.

तेव्हा उरणाऱ्या १३,५०० चे दोन भाग करा. ४,५०० मधुमेहतज्ज्ञ किंवा फिजिशियन, आहारतज्ज्ञ आणि दर तीन महिन्यांच्या तपासण्या यांसाठी. ज्यांचा पॅकेजशी संबंध नाही असे डॉक्टर निवडा. ९,००० आवर्ती ठेवीत टाका आणि दिवाळीचा बोनसही त्याच खात्याला जोडा. दोन वर्षांत हप्त्यांचे २,१६,०००, व्याजाचे सुमारे १४,००० आणि दोन बोनसचे एक लाख मिळून ३,३०,००० जमतात. मुदत ठेव व एसआयपी यांना हात लागत नाही. इंजेक्शन लिहून दिले गेले तर ही रक्कम कमी जमेल, तेवढे धरून चाला. वर्षभरानंतर वजन आणि एचबीएवनसी दोन्ही हलले नसतील, गुडघे किंवा झोप बिघडत चालली असेल आणि फिजिशियन स्वतःहून शस्त्रक्रिया सुचवत असतील, तर मी विरोध करणार नाही. ही बचत खर्चाइतकी झाली, की ती कर्जाशिवाय करता येईल. सहा किलो उतरून साखर ठीक झाली असेल, तर हे पैसे गृहकर्जात भरायचे की मुलांसाठी ठेवायचे, ते पाहू. 'महिनाअखेरपर्यंत नोंदणी केली तरच हा दर' असे म्हणतात म्हणून बिचकू नका. ज्यात थांबल्याने प्रकृतीला तातडीचा धोका नाही, त्या शस्त्रक्रियेला महिनाअखेर नसते.

एक काम मात्र लगेच करा. नाशिक-पुण्याच्या रुग्णालयांचे आजचे दर पाहता चौघांना पाच लाखांचे छत्र तोकडे आहे. पाच लाखांच्या वर चालू होणारा सुपर टॉप-अप घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून कुटुंबाच्या आरोग्य विम्यावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे तुमच्या मूळ हप्त्यातही बचत झालेली असेल. ती इकडे वळवा. अर्जात थायरॉइड, ६.१ एचबीएवनसी आणि खरे वजन लिहा. आधीच्या आजारांसाठी फार तर तीन वर्षांची प्रतीक्षा लागेल. तुम्हा दोघांचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) असल्याचा उल्लेख पत्रात नाही. गृहकर्ज आणि दोन मुले असताना तो हवाच, आणि शस्त्रक्रियेच्या आधी हवा, कारण मोठ्या शस्त्रक्रियेनंतर विमा कंपन्या प्रस्ताव काही महिने पुढे ढकलू शकतात. हे दोन अर्ज या महिन्यात भरा आणि फिजिशियनची पहिली भेटही याच महिन्यात ठरवा.