एंडोमेट्रिओसिसच्या लॅबमध्ये ब्रिटनला यायचं असेल तर

एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते त्या आजारात, नव्या रक्तवाहिन्या कशा फुटतात, यावर काम करणाऱ्या इथल्या लॅबकडून तुम्हाला पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) ऑफर आलीय आणि होकार देण्याआधी काय विचारावं असं तुम्ही म्हणताय. व्हिसा, घर याबद्दल बाकीचे सांगतीलच. मी आठ वर्षं हेच काम करतेय, म्हणून कामापुरतं लिहिते.

सगळ्यात आधी विचारा: मॉडेल कोणतं, म्हणजे आजार कोणत्या प्राण्यात आणि कसा घडवून अभ्यासता? उंदरीला पाळी येत नाही, त्यामुळे तिला एंडोमेट्रिओसिस आपोआप होत नाही. बबून, ऱ्हिसस माकड अशा पाळी येणाऱ्या प्राण्यांत तो होतो. (एका जातीच्या काटेरी उंदरीला पाळी येते हे कळलंय, पण ती फारच थोड्या लॅबमध्ये सापडेल.) म्हणून आजार घडवावा लागतो. एकीच्या गर्भाशयाचे तुकडे दुसरीच्या पोटात सोडायचे, नाहीतर प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या उंदरीत माणसाचं एंडोमेट्रियम (गर्भाशयाचं अस्तर) रुजवायचं. तुकडा जगायचा तर आसपासच्या वाहिन्यांना फांद्या फुटून त्याच्यापर्यंत रक्त पोचायला हवं. तुमचा विषय नेमका तिथे सुरू होतो.

मी तिथेच आपटले. बेव्हासिझुमॅब हे औषध व्हीईजीएफला (नव्या वाहिन्या फुटायला लावणाऱ्या प्रथिनाला) अडवतं आणि 2004 पासून कर्करोगावर वापरलं जातं, एवढ्यावर मी ते पहिल्या पद्धतीच्या उंदरींना दिलं. काहीच फरक पडेना. पडणार कसा? ते माणसाच्या व्हीईजीएफला घट्ट धरतं, उंदराच्या व्हीईजीएफला जवळजवळ शिवत नाही. चार महिने वाया गेले आणि प्राणीही. प्राण्यांचं जास्त लागलं. माणसाच्या ऊतीचं मॉडेल घेतलं तरी पेच सुटत नाही: तुकडा माणसाचा, पण त्यात शिरणाऱ्या वाहिन्या उंदरीच्या. वाहिन्या मोजायला सीडी31 ची (वाहिन्यांच्या आतल्या पेशींवरच्या प्रथिनाची) अँटिबॉडी वापराल तेव्हाही ती कोणाच्या वाहिन्या ओळखते ते आधी तपासा.

आता कायदा. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या 1986 च्या कायद्याप्रमाणे इथे तीन लायसन्स लागतात: संस्थेचं, प्रोजेक्टचं आणि तुमचं स्वतःचं. स्वतःचं हातात येईपर्यंत प्रयोगासाठी उंदरीला साधं इंजेक्शनही देता येत नाही, मग आधीचा अनुभव कितीही असो. ट्रेनिंग, परीक्षा, मग अर्ज. सुरुवातीचे काही महिने त्यातच धरा. जुन्या ट्रेनिंगची सर्टिफिकेटं मात्र सोबत आणा.

प्रोजेक्टचं लायसन्स जास्त महत्त्वाचं, आणि ते नीट वाचायला कोणी सांगत नाही. अंडाशय काढून इस्ट्राडिओल हे संप्रेरक देणं, पाठीच्या त्वचेत काचेची खिडकी बसवून जिवंत वाहिन्या पाहणं, यातलं जे तुम्ही करणार ते त्यात लिहिलेलं आहे का? नसेल तर दुरुस्ती मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं, आणि तुमच्या कराराचे दिवस मात्र सरत राहतात.

मॉडेल कळलं की इथेच लिहा. माणसाच्या ऊतीचं निघालं, तर हॉस्पिटलमधून नमुने किती नियमित येतात हेही पीआयला (लॅबच्या प्रमुखाला) विचारावं लागेल.