मामांनी इच्छापत्रात मला एक्झिक्युटर नेमलंय, म्हणजे ते अमलात आणायचं काम माझ्याकडे आहे, घर इंदूरला रामबागेत आहे, थोड्या एफडी आहेत. आता मला नक्की काय काय करावं लागेल?

आधी हे पक्कं लक्षात घ्या की तुम्ही मालक नाही, सांभाळणारे आहात. मामांचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, आणि एटीएम कार्ड घरात पडलंय म्हणून कोणी पैसे काढत असेल तर आजच थांबवा. वेगळी वही करा, आला-गेला प्रत्येक रुपया तारीख टाकून लिहा, पावती लगेच चिकटवा, पुढे भावंडांत कुरबुर झालीच तर हीच वही कामी येते.

मृत्यूचा दाखला नगर निगमकडून घ्या, प्रती जास्तच घ्या, सगळीकडे मागतात. वाटप सगळ्यात शेवटी हं! १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात क्रम दिलाय, आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, आणि घरकामाच्या बाईंचा शेवटच्या ३ महिन्यांतला पगार राहिला असेल तर तो बाकी कर्जांच्याही आधी, हे मला फार योग्य वाटतं, लोक नेमकं तेच विसरतात. मग कर्जं, मामांचं इन्कम टॅक्स रिटर्न, आणि त्यानंतर वारसांना. मृत्यूपासून वर्षभर तरी वाटप करायची तुमच्यावर सक्ती नाही, त्यामुळे कोणी घाई केली तरी दबू नका.

एफडीला नॉमिनी असला तरी तो मालक होत नाही, पैसे इच्छापत्राप्रमाणेच जातात. घराच्या नामांतरणाचा अर्ज निगममध्येच.

जमणार नसेल तर कामाला हात लावायच्या आधीच लेखी नकार द्या, एकदा कारभार सुरू केला की सुटणं अवघड जातं.