एक एफ की दोन एफ?

‘टू वीक्स ऑफ वर्क’ यातल्या ‘ऑफ’ला एक एफ की दोन, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही चालतात, पण अर्थ पार उलटे होतात. एक एफ लिहिला तर दोन आठवड्यांचं काम, दोन लिहिले तर दोन आठवडे सुट्टी! मी एकदा रजेच्या मेलमध्ये एक एफ खाल्ला, तर साहेबांचं उत्तर आलं, ‘कुठलं काम?’ स्पेलचेकवर विसंबू नका, त्याच्या लेखी दोन्ही शब्द शुद्धच.

आपला निम्मा घोळ देवनागरीमुळे आहे. आपण दोन्ही ‘ऑफ’च लिहितो आणि तसंच म्हणतो. खरं तर एक एफवाल्याचा उच्चार ‘अव्ह’ असा, तोही घाईत इतका पुसट की ‘कप ऑव्ह टी’चं जवळजवळ ‘कपटी’ होतं. ‘ओ’क्लॉक’मधला ‘ओ’ हाच, मूळ ‘ऑव्ह द क्लॉक’. दोन एफवाला मात्र ठसठशीत ‘ऑफ’.

लिहिताना मनात मराठी करून बघा. ‘चा-ची-चे’ बसलं की एक एफ. नुसत्या मालकीपुरतं हे नाही बरं का: अफ्रेड ऑव्ह म्हणजे कशाची तरी भीती, प्राउड ऑव्ह म्हणजे अभिमान, टायर्ड ऑव्ह म्हणजे कंटाळा, सगळीकडे ‘चा-ची’ आहेच. ‘पैकी’लाही एकच एफ. ‘फुल ऑव्ह वॉटर’ला ही युक्ती लागू पडत नाही (पाण्याने भरलेला), पण तिथेही एकच. काहीतरी सुटलं, निघालं, बंद झालं, टेबलावरून पडलं, की दोन एफ.

मग ‘फ्री ऑव्ह’, म्हणजे ‘-पासून मुक्त’, याला एकच एफ का? कारण मुळात हे दोन शब्द नव्हतेच. जुन्या इंग्रजीत एकच शब्द होता आणि त्याचा अर्थच ‘-पासून दूर’. जोर देऊन म्हटलेलं रूप पुढे दोन एफ घेऊन वेगळं निघालं. स्पेलिंगमधली ही वाटणी पक्की झाली १६०० नंतर. ‘फ्री ऑव्ह’मध्ये तो जुना अर्थ तसाच राहून गेलाय. ‘देन’ आणि ‘दॅन’ही असेच एका घरातून विभक्त झालेले.

एक मात्र पाठच करा. ‘द अलार्म वेंट ऑफ’, दोन एफ, म्हणजे गजर बंद पडला नव्हे, गजर वाजला.