लॉयल्टी पॉइंट: आधी हिशोब, मग ऑफर

ठाण्यात किराण्याचं ॲप चालवताय आणि पॉइंट थेट जाहिरात खर्चात टाकताय? इंड एएस ११५ (उत्पन्न कधी आणि किती दाखवायचं याचं लेखा मानक) लागू असेल तर ते चुकीचं आहे. खरेदीवर दिलेला पॉइंट म्हणजे ग्राहकाने आगाऊ पैसे मोजलेला हक्क.

जीएसटी वगळून विक्री १,००० रुपये, पॉइंट ५०, प्रत्येकी १ रुपया, वापर ८० टक्के धरला, तर पॉइंटची किंमत ४०. आता १,००० रुपये १,०००:४० प्रमाणात वाटा: मालाला ९६१.५४, पॉइंटला ३८.४६. हे ३८.४६ देणं म्हणून उभं राहतं, म्हणजे तेवढं उत्पन्न पुढे ढकललं जातं. वापरले जातील असे धरलेल्या ४० पैकी २० पॉइंट वापरले की १९.२३ उत्पन्नात घ्या. पॉइंट नुसते पडून आहेत म्हणून घाईने उत्पन्न दाखवू नका. गडबड बहुतेकदा त्या ८० टक्क्यांत होते. मुदत संपण्याआधी आठवणीचा मेसेज गेला की वापर वाढतो. तेव्हा दर तिमाहीला, पॉइंट ज्या महिन्यात दिले त्यानुसार गट करून वापर तपासा.

साइनअपचे फुकट पॉइंट हिशोबात वेगळ्या कोडखाली ठेवा. त्यांच्यामागे विक्रीच नाही, मग कुठलं उत्पन्न पुढे ढकलणार?

आता एक ऑर्डर. ४०० रुपयांवर १८ टक्के मार्जिन म्हणजे ७२. डिलिव्हरी ३५, पॅकिंग ६, पेमेंट गेटवे ८ वजा; उरले २३. ५ टक्के पॉइंट म्हणजे २०, ८० टक्के वापराने १६, त्या मालाची खरेदी किंमत सुमारे १३. हातात १०. हे गणित पूर्ण विक्रीवर आहे. पुढे ढकललेलं उत्पन्न आधीच वजा केलं असेल तर हे १३ पुन्हा कापू नका. आणि ठाण्यातल्या नौपाडा व घोडबंदर रोड या भागांच्या डिलिव्हरी खर्चाची एकत्र सरासरी तर काढूच नका, ३५चा आकडा तिथेच फसतो.