अपघाताला आठ महिने झाले, अजूनही पहाटे तीनला दचकून जाग येते. झोपेची गोळी सुरू करावी का, असं तुम्ही विचारलंय.

'मूळ आजार बरा झाला की झोप आपोआप येईल' असं तुम्हालाही सांगितलं असेल. त्याच भरवशावर मी दीड वर्ष काढलं. उपचारांनी दिवस सावरले, हॉर्न ऐकून दचकणं थांबलं. रात्र मात्र तशीच राहिली. पीटीएसडीत, म्हणजे अपघातासारख्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजारात, असं बऱ्याच जणांचं होतं, म्हणून झोपेवर वेगळा उपचार मागून घ्या.

मला वाटायचं, झोप येत नाही. खरं तर मीच ती येऊ देत नव्हतो. दिवा चालू, कान दाराकडे, हातात फोन. डोळा लागला की माझ्या अपघातातला तोच ट्रक समोरून यायचा, मग कोण झोपेल?

उपयोग झाला तो एका पोरकट वाटणाऱ्या गोष्टीचा. थेरपिस्टने ते स्वप्न भर दिवसा लिहून काढायला लावलं आणि म्हणाल्या, शेवट तुम्हाला हवा तसा बदला. माझ्या कागदावर ट्रक थांबतो, ड्रायव्हर उतरतो आणि पत्ता विचारतो. एवढंच. हे रोज दहा-पंधरा मिनिटं मनात घोळवायचं. पहिले दोन आठवडे काही नाही. पुढे आठवड्यातून चार-पाचदा पडणारं स्वप्न महिन्यातून एक-दोनदा पडू लागलं. पत्ता विचारणारा ड्रायव्हर मात्र स्वप्नात एकदाही आला नाही!

दुसरा भाग निद्रानाशासाठीच्या सीबीटीचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याच्या थेरपीचा, जो नैराश्यातल्या निद्रानाशालाही चालतो. झोप येत नसेल तर अंथरुणातून उठायचं, डोळे जड झाले की परत जायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठायचं. पहिला आठवडा अक्षरशः नकोसा होतो. बायपोलर किंवा फिट्सचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे झोपेचे तास कमी करू नका.

गोळीचं म्हणाल, तर बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या पीटीएसडीसाठी सहसा सुचवत नाहीत, त्यांची सवय लागते. आधीच चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नका. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन देतात. ते मुळात रक्तदाबाचं औषध. 2018 साली माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही, तरी काहींना गुण येतो. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते आणि स्वप्नं उसळून येतात. हे अनुभवाने सांगतोय.

आणि घोरता का, हे घरच्यांना विचारा. पीटीएसडी असलेल्यांत स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, बऱ्याचदा निघतो. तसं असेल तर आधी झोपेची तपासणी, गोळीचं नंतर.

पहाटे तीनला जगणंच नको वाटलं, तर सकाळची वाट पाहू नका. कुणाला तरी उठवा.