धरून दिला, धरून ठेवला

निपाणीहून एका वाचकानं विचारलंय. वेदगंगेकाठच्या पंपांची केबल कापताना एकाला गावकऱ्यांनी रात्री पकडलं. यांनी गावच्या ग्रुपवर लिहिलं, ‘ग्रामस्थांनी चोरास अटक केली’. लगेच एका निवृत्त मास्तरांनी टोकलं, ‘अटक पोलीसच करतात. पकडले असं लिही.’ बरोबर कोण?

कायद्यापुरतं म्हणाल तर मास्तर चुकले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 (1 जुलै 2024 पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेत 43 होतं) खाजगी माणसालाही अटक करू देतं. मात्र गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा, आणि तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा), दोन्ही हवा. नाहीतर तो माणूस कोर्टानं जाहीर केलेला फरारी हवा. पाच हजारांच्या आतली पहिलीच साधी चोरी आता अदखलपात्र झाली आहे, म्हणजे वाटेवरची कोंबडी उचलणारा यात बसत नाही. तांब्याची केबल बहुधा बसेल.

कानाला मात्र मास्तरांचंच पटतं. अटक म्हणजे मुळात आडकाठी. अटकणे, अटकाव ही त्याच घरातली मंडळी. पण आज हा शब्द ऐकला की मागे खाकी दिसते. त्यात आपण कन्नड बातम्याही ऐकतो. तिथं अटकेला ‘बंधन’ आणि ताब्यात घ्यायला ‘वशक्के’. खानापूरच्या आमच्या आत्याला बरीच वर्षं वाटायचं, पोलीस चोरांवर वशीकरण करतात!

गावात त्या रात्री ‘अटक’ कुणाच्या तोंडी आलं असेल असं वाटत नाही. ‘मीच धरून दिलो की त्याला’ असंच कुणीतरी म्हणालं असणार. (हे ‘मी दिलो’ पुण्याला खटकतं. मला आवडतं, क्रियापद करणाऱ्याला चिकटून राहतं.) या ‘धरून दिला’मध्ये कलम 40 अख्खं मावलंय. नुसतं धरणं पुरत नाही, देणंही लागतं : विनाकारण उशीर न लावता, आणि नव्या कायद्यानुसार सहा तासांच्या आत, पोलिसांकडे. ‘धरून ठेवला’ म्हटलं की गणित फिरतं. देवळाच्या खोलीत सकाळपर्यंत कोंडला, तर बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा धरणाऱ्यावर, एक वर्षापर्यंत कैद. ‘धरून चोपला’ तर सरळ मारहाण. धातू एकच, फरक सगळा पुढच्या क्रियापदात.

आता ‘चोरास’. चोर ठरवणं कोर्टाचं काम, तोवर तो आरोपी. ठाण्यात दिल्यावर पोलिसांनी रीतसर अटक केली की त्याला कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, वकील मिळू द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती त्याच्यावर कुणालाच करता येत नाही. ते राज्यघटनेच्या कलम 20 मध्ये आहे.

मी असं लिहीन : ‘केबल कापताना सापडलेल्या एकास ग्रामस्थांनी धरून पोलिसांच्या हवाली केले.’ बातमीदारांच्या सवयीनं ‘संशयावरून’ घालू नका. नुसत्या संशयावर धरायचा अधिकार या कलमानं गावाला दिलेला नाही. आणि वेळा टाका, किती वाजता धरला नि किती वाजता दिला.